जुन्या व्यावसायिक सॉफ्टवेअरमधील द्विबाइट अक्षरांचा गोंधळ: तो पुन्हा पुन्हा का उद्भवतो आणि मुळापर्यंत कसे पोहोचावे

जपानी, चिनी किंवा कोरियन मजकूर हाताळणारे एखादे जुने हिशेबाचे, साठ्याचे किंवा पगाराचे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते आणि एके दिवशी ग्राहकांची नावे प्रश्नचिन्हांनी, रिकाम्या चौकोनांनी किंवा भलत्याच अक्षरांनी भरून जातात. कोणीतरी एक सेटिंग बदलतो, पडद्यावर नावे पुन्हा नीट दिसू लागतात आणि तक्रार बंद होते. पुढे संगणक बदलला, डेटाबेसचा ड्रायव्हर नवा आला किंवा तीच फाइल दुसऱ्या प्रणालीकडे पाठवावी लागली की तीच तक्रार नव्या क्रमांकाने पुन्हा नोंदवली जाते.

असे होण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. आपला मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांच्या रूपात लिहिण्याच्या कोणत्या पद्धतीत आहे हे जुन्या सॉफ्टवेअरने स्वतः कोठेही नोंदवून ठेवलेले नसते. ज्या यंत्रावर ते चालते त्या यंत्राच्या कोड पेजवरून (कोणत्या बाइटाचे कोणते अक्षर हे सांगणाऱ्या तक्त्यावरून) ते ही माहिती उसनी घेते. यंत्र बदलले की उसनी माहिती बदलते, पण डिस्कवरचे बाइट तेच राहतात. त्यामुळे पडद्यावर काय दिसते यावरून उपाय ठरवला तर तो त्या यंत्रापुरता आणि त्या दिवसापुरता लागू पडतो. बाइट कोणत्या टप्प्यावर चुकीचे वाचले गेले, की प्रत्यक्षात बदललेच गेले, याचा शोध आधी घ्यावा लागतो. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे. बाइटची मूल्ये षोडशमान पद्धतीने दिली असून त्यांतील दहा ते पंधरा या मूल्यांची चिन्हे ए, बी, सी, डी, ई आणि एफ अशी लिहिली आहेत.

मुळातील अडचण

एका बाइटमध्ये २५६ मूल्येच मावतात आणि जपानी, चिनी व कोरियन लिपींना हजारो अक्षरे लागतात. १९७८ मध्ये जपानने जो वर्णसंच प्रमाणित केला आणि १९८० मध्ये चीनने जीबी २३१२ हा जो संच आणला, त्या दोहोंत प्रत्येकी साडेसहा हजारांहून अधिक अक्षरे होती. यासाठी दोन बाइटांची जोडी वापरण्याची पद्धत रूढ झाली. मात्र त्याच फाइलमध्ये साधी रोमन अक्षरे एका बाइटातच ठेवायची होती, आणि नंतर छळणारा गुंता या सोयीतूनच जन्माला आला.

शिफ्ट-जेआयएस या विंडोजवरील जपानी एन्कोडिंगमध्ये जोडीतील पहिला बाइट ८१ ते ९एफ किंवा ई० ते एफसी या पट्ट्यात असतो, तर दुसरा ४० ते ७ई किंवा ८० ते एफसी या पट्ट्यात असतो. मधली ए१ ते डीएफ ही मूल्ये एकाच बाइटाच्या, अर्ध्या रुंदीच्या काताकानासाठी (जपानीतील एका उच्चारलिपीसाठी) राखलेली आहेत. बिग-५ (पारंपरिक चिनी) आणि जीबीके (मुख्य चीनमधील) या एन्कोडिंगांतही दुसरा बाइट ४० पासून सुरू होऊ शकतो. कोरियन ९४९ या कोड पेजमध्ये तर दुसऱ्या बाइटासाठी मोठ्या आणि लहान रोमन अक्षरांचे पट्टेही वापरले आहेत. याचा अर्थ असा की ४१ हा बाइट दिसला तर तो स्वतंत्र रोमन अक्षर आहे की एखाद्या जपानी अक्षराचा अर्धा भाग आहे, हे त्या बाइटाकडे पाहून सांगता येत नाही; मजकुराच्या सुरुवातीपासून वाचत यावे लागते. युनिक्सवर रूढ असलेल्या ईयूसी घराण्यातील एन्कोडिंगमध्ये जोडीचे दोन्ही बाइट वरच्या अर्ध्यात (८० आणि त्यापुढील मूल्यांत) असल्यामुळे ही विशिष्ट अडचण येत नाही. म्हणूनच, एकच सॉफ्टवेअर युनिक्स सर्व्हरवर नीट चालते आणि विंडोजवर अडखळते, असा अनुभव अनेकांनी घेतलेला असतो.

लक्षणांवरून पहिला अंदाज

पडद्यावरचा कचरा सगळा सारखाच वाटतो, पण त्याच्या प्रकारावरून बरेच काही कळते.

रिकामे चौकोन दिसत असतील तर बहुधा फॉन्टमध्ये ती अक्षरे नाहीत आणि डेटा सुरक्षित आहे. तो मजकूर उचलून दुसऱ्या संपादकात चिकटवला आणि तेथे तो नीट दिसला, तर पुढे शोधण्याची गरज नाही.

प्रश्नचिन्हे दिसत असतील तर ती मोजावीत. मूळ नावात चार अक्षरे होती आणि प्रश्नचिन्हेही चार असतील, तर युनिकोडमधून (सर्व लिपींच्या एकत्रित वर्णसंचातून) एखाद्या कोड पेजमध्ये रूपांतर करताना त्या कोड पेजमध्ये ती अक्षरे सापडली नाहीत असे समजावे. प्रश्नचिन्हे जास्त असतील आणि त्यांच्यामध्ये एखादे सुटे रोमन अक्षर किंवा कंस डोकावत असेल, तर प्रत्येक बाइट स्वतंत्रपणे सात बिटांच्या आस्की (रोमन अक्षरांचे मूळ एन्कोडिंग) म्हणून वाचला गेला आहे: वरच्या अर्ध्यातील बाइटांची प्रश्नचिन्हे झाली आणि खालच्या अर्ध्यातील दुसरे बाइट जसेच्या तसे राहिले. दोन्ही परिस्थितींत ते प्रश्नचिन्ह ३एफ या खऱ्या बाइटाच्या रूपात साठवले गेले असेल, तर मूळ अक्षर कायमचे गेले. तेथून ते परत मिळवण्याची युक्ती कोणाकडेही नाही.

विचित्र युरोपीय अक्षरे दिसणे हे त्या मानाने शुभलक्षण आहे, कारण बाइट शाबूत असून फक्त चुकीच्या तक्त्याने वाचले जात आहेत. शिफ्ट-जेआयएसमधील हिरागाना (जपानीतील दुसरी उच्चारलिपी) पश्चिम युरोपीय १२५२ या कोड पेजने वाचला तर ओळभर खाली बसलेले स्वल्पविरामासारखे चिन्ह पुन्हा पुन्हा दिसते, कारण हिरागानाचा पहिला बाइट ८२ असतो आणि १२५२ मध्ये ८२ ला तेच चिन्ह आहे. काताकानाचा पहिला बाइट ८३ असल्यामुळे त्याच्या जागी तिरपा, शेपटी असलेला एफ दिसतो. यूटीएफ-८ या युनिकोडच्या एन्कोडिंगमधील हिरागाना त्याच तक्त्याने वाचला तर दर तीन चिन्हांनी डोक्यावर लाट असलेला ए येतो, कारण तेथे पहिला बाइट ई३ असतो. चिनी जीबी किंवा कोरियन ईयूसी मजकूर असा वाचला तर उच्चारचिन्हे असलेल्या युरोपीय अक्षरांची दाटी होते. या खुणा एकदा ओळखीच्या झाल्या की निम्मे निदान दूरध्वनीवरच करता येते.

चिनी यंत्रांवर तीच तीन चिनी अक्षरे पुन्हा पुन्हा उमटलेली दिसली, तर ती एका दुहेरी अपघाताची निशाणी असते. आधी कोणत्या तरी टप्प्याला बाइट कळले नाहीत आणि त्याने त्यांच्या जागी युनिकोडचे बदली चिन्ह ठेवले, ज्याचे यूटीएफ-८ मधील बाइट ईएफ बीएफ बीडी असे आहेत; नंतर हे बाइट जीबीके म्हणून दोन-दोनच्या जोड्यांनी वाचले गेले. दोन बदली चिन्हांचे सहा बाइट मिळून बरोबर तीन जोड्या होतात. येथेही मूळ मजकूर गेलेला असतो. एकच चिनी अक्षर ओळभर उमटले आणि त्याचे बाइट सीसी सीसी निघाले, तर मात्र एन्कोडिंगचा काहीही संबंध नाही. व्हिज्युअल सी++ हा कंपायलर डीबग (दोषशोधनाच्या) आवृत्तीत मूल्य न दिलेल्या जागा सीसी या बाइटाने भरते, त्यामुळे ती तक्रार प्रोग्रामरकडे पाठवावी.

पुरावा पडद्यावर शोधू नये

निदान करण्यापूर्वी दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. मूळ डेटाची प्रत बाजूला काढून ठेवावी आणि बिघडलेला रेकॉर्ड कोणत्याही स्क्रीनवर उघडून पुन्हा जतन करू नये. बरोबर साठवलेला पण चुकीचा दिसणारा मजकूर, ‘उघडला, पाहिला, जतन केला’ एवढ्याच कृतीने कायमचा नष्ट झालेला मी अनेकदा पाहिला आहे. आणि जतन करणारा माणूस दर वेळी चांगल्या हेतूनेच वागलेला असतो.

त्यानंतर एकच रेकॉर्ड निवडावा, त्यातील एकच ओळखीचे अक्षर घ्यावे आणि ते प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर कोणत्या बाइटांच्या रूपात आहे ते लिहून काढावे. उदाहरणार्थ, हिरागानातील ‘आ’ या उच्चाराचे पहिले अक्षर शिफ्ट-जेआयएसमध्ये ८२ ए०, ईयूसीमध्ये ए४ ए२, यूटीएफ-८ मध्ये ई३ ८१ ८२ आणि विंडोजच्या यूटीएफ-१६ मध्ये ४२ ३० असे असते. एवढा छोटा तक्ता हाताशी असला तरी कोणत्या टप्प्यावर काय घडले ते स्वच्छ दिसते. फाइलसाठी हेक्स एडिटर (बाइट षोडशमानात दाखवणारा संपादक) पुरेसा आहे. डेटाबेसमध्ये मात्र साधी निवड क्वेरी चालवून उपयोग नाही, कारण पडद्यावर येईपर्यंत तिच्या उत्तराचे पुन्हा रूपांतर झालेले असते. ओरॅकलमध्ये डम्प हे फंक्शन १०१६ हा पर्याय देऊन वापरल्यास बाइट आणि घोषित वर्णसंच दोन्ही मिळतात. मायएसक्यूएलमध्ये हेक्स हे फंक्शन आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मजकुराचे व्हारबायनरी या कच्च्या बाइटांच्या प्रकारात रूपांतर करून पाहावे.

एन्कोडिंग आपोआप ओळखणाऱ्या साधनांवर येथे भिस्त ठेवू नये. ती संख्याशास्त्रीय अंदाज बांधतात, आणि लांबलचक मजकुरावर तो अंदाज बरा ठरतो. पण व्यावसायिक डेटातील फील्ड तीन-चार अक्षरांची असतात आणि तेवढ्या बाइटांवरून जीबीके आणि कोरियन यांतील फरक यंत्राला खात्रीने सांगता येत नाही.

दोन चुका एकमेकींना झाकतात तेव्हा

वारंवार परतणाऱ्या तक्रारींमध्ये सर्वांत फसवा प्रकार हा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे.

समजा, ओरॅकलचा डेटाबेस तयार करताना त्याचा वर्णसंच कोणीतरी १२५२ किंवा साधा सात बिटांचा आस्की असा ठेवला. विंडोजवरचा जुना क्लायंट (डेटाबेसशी बोलणारा वापरकर्त्याकडचा प्रोग्राम) शिफ्ट-जेआयएस बाइट पाठवतो, परंतु त्याच्या एनएलएस-लँग या, क्लायंटचा वर्णसंच सांगणाऱ्या सेटिंगमध्येही डेटाबेसचाच वर्णसंच लिहिलेला आहे. दोन्ही बाजूंचे नाव सारखे दिसल्यामुळे ओरॅकल कोणतेही रूपांतर न करता बाइट जसेच्या तसे आत जाऊ देतो आणि वाचताना जसेच्या तसे बाहेर देतो. क्लायंटचे यंत्र जपानी कोड पेजवर असल्याने पडद्यावर सर्व काही निर्दोष दिसते. डेटाबेसवरची चिठ्ठी, म्हणजे त्यावर लिहिलेले वर्णसंचाचे नाव, खोटी आणि क्लायंटवरची चिठ्ठीही खोटी, पण दोन्ही खोटेपणा जुळत असल्यामुळे दहा-पंधरा वर्षे कोणालाही काही जाणवत नाही.

मग एखादा नवा अहवाल जावामध्ये लिहिला जातो. जावाचा ड्रायव्हर मजकूर नेहमीच युनिकोडमध्ये आणतो आणि त्यासाठी तो डेटाबेसवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवतो. त्याला मिळतो तो कचरा. आरोप नव्या अहवालावर येतो, वस्तुतः सत्य सांगणारा तो पहिलाच प्रोग्राम असतो. या वेळी घाईने क्लायंटचे सेटिंग ‘योग्य’ करणे हा सर्वांत घातक उपाय ठरतो, कारण त्या क्षणापासून नवे रेकॉर्ड खऱ्या रूपांतराने साठवले जाऊ लागतात आणि १२५२ मध्ये जपानी अक्षरे नसल्यामुळे त्यांची थेट प्रश्नचिन्हे होतात. जुने रेकॉर्ड एका रीतीने, नवे दुसऱ्या रीतीने, अशी भेसळ झाल्यावर सर्व रेकॉर्डांना लागू पडेल असा एकच उपाय उरत नाही.

योग्य मार्ग असा: नोंदी करणे थांबवावे, बाइट जसे आहेत तसे, म्हणजे रूपांतर न होऊ देता, फाइलमध्ये काढावेत, ते खरोखर शिफ्ट-जेआयएसच आहेत याची पडताळणी करावी, खऱ्या वर्णसंचाचा नवा डेटाबेस तयार करावा, आणि फाइलवर खरी चिठ्ठी लावून ती आत घ्यावी. त्यानंतरच सर्व क्लायंटची सेटिंग एकाच दिवशी बदलावीत. आयबीएमच्या एएस/४०० प्रणालीवर हाच प्रकार सीसीएसआयडी (वर्णसंचाचा क्रमांक) ६५५३५ या मूल्यामुळे दिसतो. त्याचा अर्थ ‘रूपांतर करू नये’ असा असल्याने त्या प्रणालीच्या स्वतःच्या हिरव्या टर्मिनल पडद्यावर सर्व ठीक दिसते आणि बाहेर काढलेल्या फाइलमध्ये काहीच वाचता येत नाही.

विंडोजवरील यंत्रांबाबत हेच तत्त्व लागू होते. ‘युनिकोड नसलेल्या प्रोग्रामांची भाषा’ हे सेटिंग संपूर्ण यंत्रासाठी एकच असते आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावरच लागू होते. एकाच यंत्रावर जपानी आणि पारंपरिक चिनी अशी दोन जुनी सॉफ्टवेअर चालवायची असतील तर वेगवेगळी आभासी यंत्रे वापरणे हाच स्वच्छ उपाय आहे. विंडोज १० पासून उपलब्ध झालेला, संपूर्ण यंत्रासाठी यूटीएफ-८ वापरण्याचा प्रायोगिक पर्याय आधुनिक वाटतो, पण तो निवडताच जुना प्रोग्राम डिस्कवरचे शिफ्ट-जेआयएस बाइट यूटीएफ-८ समजून वाचू लागतो. शिवाय एका अक्षराला जास्तीत जास्त दोनच बाइट असतात असे गृहीत धरून लिहिलेल्या कोडला तीन बाइटांचे अक्षर झेपत नाही.

ठरावीक अक्षरेच बिघडतात तेव्हा

सर्व नावे नीट आणि चार-पाचच नावे नेहमी बिघडलेली, अशी तक्रार आली की ५सी हा बाइट आधी शोधावा. आस्कीमध्ये ५सी म्हणजे बॅकस्लॅश, जो जपानी यंत्रांवर येनच्या चिन्हासारखा दिसतो. शिफ्ट-जेआयएसमध्ये काताकानातील ‘सो’ ८३ ५सी आहे, तक्ता या अर्थाचे ‘ह्यो’ ९५ ५सी आहे आणि क्षमता या अर्थाचे ‘नो’ ९४ ५सी आहे. ‘सॉफ्ट’ हा शब्दच काताकानात ‘सो’ने सुरू होत असल्यामुळे सॉफ्टवेअरच्या नावातच हा सापळा असतो. बिग-५ मध्येही हीच अडचण असून तेथे यश या अर्थाचे अक्षर ए५ ५सी आहे.

द्विबाइटची जाण नसलेला प्रोग्राम या दुसऱ्या बाइटाला बॅकस्लॅश समजतो. फाइलचा मार्ग तोडताना तो अक्षराच्या मध्यावर तोडतो. मजकुरातील सूचनाचिन्ह समजून तो पुढचा बाइट गिळतो. एका साठानोंद प्रणालीत ग्राहकाच्या नावाने फोल्डर तयार होत असे आणि मोजक्या ग्राहकांची बिलेच कधी सापडत नसत. दोन वर्षे तो दोष नेटवर्कचा मानला गेला होता; न सापडणाऱ्या नावांची यादी हेक्समध्ये पाहिल्यावर प्रत्येकात ५सी निघाला. मार्गातील शेवटचा बॅकस्लॅश शोधण्यासाठी तो प्रोग्राम मागून पुढे वाचत होता, आणि द्विबाइट मजकूर मागून वाचणे मुळातच असुरक्षित आहे.

हाच बाइट सुरक्षेच्या दृष्टीनेही धोकादायक ठरतो. क्वेरीतील अवतरणचिन्हापूर्वी बॅकस्लॅश लावून ते निष्प्रभ करण्याची जुनी रीत जीबीकेमध्ये फसते: हल्लेखोर बीएफ २७ असे बाइट पाठवतो, प्रोग्राम मध्ये ५सी घालतो, डेटाबेस बीएफ ५सी हे एक चिनी अक्षर समजतो आणि २७ हे अवतरणचिन्ह मोकळे सुटते. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसने २००६ मध्ये या प्रकारासाठी सुरक्षा दुरुस्ती केली. शिफ्ट-जेआयएस, बिग-५ आणि जीबीके ही एन्कोडिंग तेथे क्लायंटच्या बाजूला चालतात, सर्व्हरवर साठवणीसाठी चालत नाहीत. मूल्ये क्वेरीच्या मजकुरात न जोडता पॅरामीटरच्या रूपात पाठवणे हाच यावरचा खरा उपाय.

५सी वर एक प्रसिद्ध तात्पुरता उपाय आहे: बिघडणाऱ्या अक्षरानंतर आणखी एक बॅकस्लॅश टंकायचा. तो लगेच लागू पडतो आणि म्हणूनच तो टाळावा असे माझे मत आहे. पुढे कोणी कंपायलर किंवा लायब्ररी बदलून प्रोग्रामला द्विबाइटची जाण दिली की ते जादा बॅकस्लॅश नावांमध्ये दिसू लागतात, आणि कोणते खरे व कोणते उपायापोटी घातलेले हे सांगणारा कोणी उरलेला नसतो.

५सी सापडला नाही तर ७सी पाहावा. उभ्या रेघेने फील्ड वेगळी करणाऱ्या फाइलमध्ये काताकानातील ‘पो’ आला की एक फील्ड जास्त होते, कारण त्याचे बाइट ८३ ७सी आहेत. सोर्स कोड उपलब्ध नसला तरी येथे सुटका आहे: विभाजक म्हणून टॅब किंवा स्वल्पविराम निवडावा. त्यांची मूल्ये ०९ आणि २सी अशी असून शिफ्ट-जेआयएस, बिग-५, जीबीके किंवा कोरियन कोड पेज यांत दुसरा बाइट इतका लहान कधीच नसतो. शोध घेताना सर्व मजकूर मोठ्या अक्षरांत बदलणारे प्रोग्रामही असेच तपासावेत. बाइटनिहाय बदल केल्यास ६१ चे ४१ होते आणि जपानी अक्षराचे दुसरेच जपानी अक्षर बनते. असा बिघाड विशेष वाईट, कारण परिणामी अक्षर वैध असते आणि कोणतेही यंत्र तक्रार करत नाही.

फील्डच्या टोकाला अक्षर तुटते तेव्हा

शेवटचे अक्षर बिघडणे हे लांबीच्या मर्यादेचे लक्षण आहे. वीस बाइटांच्या फील्डमध्ये दहा जपानी अक्षरे नेमकी बसतात. पण आधी एक रोमन अक्षर आले की दहावे अक्षर मध्यावर चिरले जाते. उरलेला पहिला बाइट पुढच्या फील्डचा पहिला बाइट आपल्यासोबत ओढून घेतो आणि निश्चित लांबीच्या फाइलमध्ये पुढची संपूर्ण ओळ घसरते. काही जुने प्रोग्राम दुसरा बाइट वैध आहे का हे न पाहता ओळीच्या अंताचे चिन्हही गिळतात. तेव्हा दोन ओळी एक होतात आणि रेकॉर्डांची संख्या एकाने कमी भरते. रेकॉर्डांची मोजणी जुळत नसेल तर हे कारण पडताळावे. कापायचेच असेल तर सुरुवातीपासून अक्षरे मोजत येऊन पूर्ण अक्षरावर कापावे आणि राहिलेली जागा रिक्त चिन्हाने भरावी.

मेनफ्रेमशी देवाणघेवाण असल्यास लांबीचे गणित आणखी बदलते. एब्सिडिक या मेनफ्रेमवरील एन्कोडिंगमध्ये द्विबाइट मजकूर सुरू होताना ०ई आणि संपताना ०एफ हा बाइट घालावा लागतो. म्हणजे तीच दहा अक्षरे तेथे बावीस बाइट घेतात, आणि मध्ये रोमन अक्षरे मिसळली तर प्रत्येक द्विबाइट तुकड्यामागे आणखी दोन बाइट लागतात. टोकाला ०एफ कापला गेला तर पुढचा सर्व मजकूर द्विबाइट समजून वाचला जातो. फाइल एफटीपीच्या मजकूर पद्धतीने पाठवली आणि रूपांतर एकबाइट तक्त्याने झाले, तर द्विबाइट भाग पूर्ण नष्ट होतो. फक्त लहान रोमन अक्षरांच्या जागी काताकाना येत असेल, तर एका बाजूला ९३० आणि दुसऱ्या बाजूला ९३९ हे कोड पेज लावले गेले आहे. ९३० मध्ये लहान अक्षरांच्या नेहमीच्या जागी काताकाना बसवलेला आहे.

युनिकोडकडे स्थलांतर करताना हीच चूक मोठ्या प्रमाणावर होते. दोन बाइटांचे कांजी (जपानीत वापरले जाणारे चिनी) अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, म्हणून वीस बाइटांच्या स्तंभाला तीस लागतात, असा हिशेब सर्वजण करतात. अर्ध्या रुंदीचा काताकाना मात्र एका बाइटावरून तीनवर जातो, आणि बँकांच्या किंवा पत्त्यांच्या जुन्या फाइलींत तोच भरलेला असतो. तेथे वीसचे साठ धरावे लागतात. ओरॅकलमध्ये स्तंभाची लांबी बाइटांऐवजी अक्षरांत घोषित केल्यास हा प्रश्न बराचसा मिटतो.

एखाद-दुसरे चिन्हच हरवते तेव्हा

मजकूर सगळा नीट आणि फक्त लाटेसारखी आडवी रेघ किंवा उणेचिन्ह प्रश्नचिन्ह झाले असेल, तर दोन रूपांतर-तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत. शिफ्ट-जेआयएसमधील ८१ ६० या बाइटांना मायक्रोसॉफ्टचा तक्ता यू+एफएफ५ई हा युनिकोड क्रमांक देतो आणि जपानी प्रमाणावर आधारलेला तक्ता यू+३०१सी देतो. एका तक्त्याने आत आणि दुसऱ्याने बाहेर असा प्रवास झाला की चिन्ह हरवते. जावामध्ये शिफ्ट-जेआयएस आणि विंडोज-३१जे ही दोन वेगळी नावे आहेत. विंडोजवर तयार झालेल्या फाइलसाठी दुसरे वापरावे. ओरॅकलमध्येही याच फरकासाठी ‘टिल्ड’ जोडलेला वेगळा वर्णसंच आहे. वर्तुळातील अंक हरवत असतील तर तेही याच सदरात मोडतात, कारण ते मूळ प्रमाणात नसून उत्पादकांनी जोडलेल्या विस्तारात आहेत. एफ० ४० पासून एफ९ एफसी पर्यंतची १,८८० स्थाने वापरकर्त्याने स्वतः घडवलेल्या अक्षरांसाठी मोकळी ठेवलेली आहेत. त्यांचा अर्थ केवळ त्या कार्यालयातील फॉन्टमध्ये असतो, म्हणून स्थलांतरापूर्वी अशा अक्षरांची यादी माणसाने बसून करावी लागते.

बिघडलेला डेटा परत मिळवणे

चुकीच्या तक्त्याने वाचून युनिकोडमध्ये साठवलेला मजकूर उलट वाटेने परत आणता येतो: तो त्याच चुकीच्या तक्त्याने बाइटांत बदलावा आणि ते बाइट योग्य तक्त्याने वाचावेत. येथे एक खाचखळगा आहे. १२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच मूल्यांना चिन्हच दिलेले नाही. विंडोज त्यांना नियंत्रणचिन्हांच्या रूपात जपून ठेवते, पण इतर अनेक साधने ती नाकारतात किंवा प्रश्नचिन्ह करतात. आणि शिफ्ट-जेआयएसमध्ये ८१ हा तर विरामचिन्हांचा पहिला बाइट आहे. त्यामुळे अक्षरे परत आली आणि पूर्णविराम गेले, असा अर्धवट निकाल मिळतो. शक्य असेल तेथे २५६ पैकी प्रत्येक मूल्याला स्थान देणाऱ्या आयएसओ ८८५९-१ या तक्त्याने मजकूर काढावा. एकाच स्तंभात चांगले आणि बिघडलेले रेकॉर्ड मिसळलेले असतील तर सर्वांवर सरसकट प्रक्रिया चालवू नये, कारण ती चांगल्या रेकॉर्डांना बिघडवते. आधी बाइटांवरून गट पाडावेत. ज्यांत ३एफ किंवा ईएफ बीएफ बीडी हेच बाइट उरले आहेत, त्यांच्यासाठी जुनी बॅकअप प्रत किंवा छापील कागद एवढेच आधार असतात.

दुरुस्तीनंतर पडताळणीसाठी साधे नाव टंकू नये. ते बहुधा नीटच दिसते. चाचणीचा एक खास रेकॉर्ड तयार करावा, ज्यात ‘सो’, ‘ह्यो’, ‘नो’ आणि ‘पो’ ही वर सांगितलेली अक्षरे, लाटेची रेघ, उणेचिन्ह, वर्तुळातील एक, अर्ध्या रुंदीचा काताकाना आणि कार्यालयाचे स्वतःचे एखादे घडवलेले अक्षर असेल, आणि फील्डच्या सुरुवातीला एक रोमन अक्षर घालून तेथपासून शेवटच्या बाइटापर्यंत ते फील्ड पूर्ण भरलेले असेल. हा रेकॉर्ड टंकलेखनापासून छपाईपर्यंत आणि बाहेर पाठवलेल्या फाइलपासून परत आत घेण्यापर्यंत फिरवावा आणि दोन टोकांचे बाइट हेक्समध्ये ताडून पाहावेत. नंतर तो पुसून न टाकता प्रणालीतच राहू द्यावा, त्याचे अपेक्षित बाइट आणि प्रत्येक टप्प्याचे घोषित एन्कोडिंग एका कागदावर लिहून ठेवावे, आणि यंत्र, ड्रायव्हर किंवा विंडोजची आवृत्ती बदलली की कोणाची तक्रार येण्याआधी त्याच दिवशी तो पुन्हा एकदा फिरवावा.